सरासरी आणा, पण वजनेही आणा

ज्वारीची कणसे पिकली, कपाशीची पहिली वेचणी आली की मंडळातल्या काही रानांत दोरी, टेप आणि तराजू घेऊन माणसे उतरतात. तुकडा आखतात, कापतात, तोलतात. महसूल मंडळात एका पिकाचे असे किमान १० प्रयोग आणि त्यांच्या सरासरीवर साऱ्या मंडळाचा पीकविमा. २०२५ च्या खरिपापासून तर राज्यात भरपाई या कापणीवरच ठरू लागली. ‘माझे शेत मोजलेच नाही, मग माझे नुकसान ठरवणारे हे कोण?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण ‘सरासरी म्हणजेच लबाडी’ असे उत्तर देऊन आम्ही टाळ्या घेणार नाही.

इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे शेतीचे जुने संशोधन केंद्र आहे. तिथे १९१० साली मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गहू घेतला. रान एक, बी एक, मशागत एक. कापणीच्या वेळी त्या एकराचे सारखे ५०० तुकडे पाडले आणि प्रत्येकाचे धान्य वेगळे तोलले. कुठे पावणेतीन पौंड भरले, कुठे पाच पौंडांच्या वर. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. बांधाखालचा गाळ, टेकाडाकडचा मुरूम, गेल्या साली शेणखताचा ढीग पडला ती जागा, हे आपण रोज पाहतो. पण त्यातून शास्त्रज्ञ शहाणे झाले: एका तुकड्याचे वजन बियाण्याबद्दल कमी आणि जागेबद्दल जास्त बोलते. १९१९ साली त्याच केंद्रात आलेल्या रोनाल्ड फिशर यांनी पुढे दंडकच घातला, की प्रत्येक वाण अनेक तुकड्यांत पेरा आणि कोणते कुठे पेरायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. (रस्त्याकडेच्या एकाच प्लॉटवर पाटी ठोकून बियाणे विकणाऱ्यांना हे अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.)

दहा वजने घेतली की काही तुकडे चांगल्या जागी पडतात, काही हलक्या जागी. जास्तीचे आणि कमीचे एकमेकांना खातात. मात्र हा सौदा स्वस्त नाही. चूक निम्मी करायची तर तुकडे चौपट लागतात. दहा तुकड्यांनी ती सुमारे एक तृतीयांशावर येते, शून्यावर नाही.

आता खरी मेख. चुका दोन्ही बाजूंना पडल्या तरच त्या एकमेकींना खातात. तराजूच पाव किलो जास्त दाखवत असेल तर दहा हजार वेळा तोला, सरासरीही पाव किलो जास्तच येणार. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात नेमके यावर बोट ठेवले. कलकत्त्याचे महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे कापून उत्पन्न काढत. सुखात्मे यांनी दाखवले, की तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न जास्त निघते. कारण हद्दीवरचे ताट आत धरायचे की बाहेर, अशी वेळ आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर चौकोनात चौरस मीटरमागे चार मीटर हद्द असते, पाच मीटर चौकोनात फक्त ८० सेंटिमीटर. आणि पाच मीटर चौकोनातले वजन हेक्टरी करायला ४०० ने गुणावे लागते. अर्धा किलो ज्वारी चुकून आत आली की कागदावर हेक्टरी दोन क्विंटल वाढले आणि भरपाई घटली!

तेव्हा भांडायचे ते सरासरीशी नव्हे, एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीशी. गट नंबर यादीतून यादृच्छिक पद्धतीने निघाला की जीप पोचते म्हणून घेतला? नैऋत्य कोपऱ्यापासून ठरल्या संख्येइतके अंतर मोजले की बरे दिसले तिथे खुंटी ठोकली? दोरी ताणली होती का? कपाशीच्या साऱ्या वेचण्यांची बेरीज धरली का? एखादी वेचणी सुटली तर ती चूक आपल्या फायद्याची वाटेल. आम्ही तिलाही चूकच म्हणू. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न निघते. आज खोटे कमी लिहिलेले उद्या तो उंबरठाच खाली ओढू शकते.

आणि मोजणी चोख झाली तरी ज्याच्या एकट्याच्या रानात पाणी साचले त्याला मंडळाची सरासरी काही देत नाही. तो वाद मोजणीचा नाही, मंडळ केवढे धरावे याचा आहे; तो वेगळा मांडावा लागेल.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या मंडळातल्या दहाही तुकड्यांची वजने वेगवेगळी लिहून आणा. नुसती सरासरी आणू नका.