सायन्स इंग्रजीत आणि मराठी फक्त आरतीत?

परवा एका ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, "मराठी गोष्टी झोपताना ठीक, पण सायन्स इंग्रजीतच हवं, नाहीतर मुलं कन्फ्यूज होतात." भराभर लाइक्स पडले. मी दिला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी सीए आहे, शिक्षिका नाही. पण एखाद्या खात्यात वर्षानुवर्षं भरणाच होत नसेल तर ते मला दिसतं. मराठीच्या खात्यात आपण आरत्या, मोदक आणि "आजीला नमस्कार कर" एवढंच भरतो. मूल दहा वर्षांचं झालं की रडतो, "मराठीत बोलतच नाही." अहो, बोलेल कशाबद्दल?

भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीचं चित्रांचं पुस्तक आपल्यापैकी निम्म्यांच्या घरात धूळ खात असेल. आमच्याकडेही होतं. शारजात शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे मला वेळेची सबबही नव्हती. वाचता वाचता सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "म्हातारी आत मावली कशी?" मग जुबैल मार्केटमधून लाल भोपळा आणला. आधी बादलीत सोडला. तरंगला! का? कापल्यावर आतली पोकळी दिसली. बियांचा तिचा अंदाज शंभर. दहा-दहाचे ढीग लावले तर तिनशेच्या वर निघाल्या. (बजेट आणि प्रत्यक्षातला फरक माझ्या क्लायंटनाही असाच धक्का देतो.)

मग घरात वाद. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा, कोलंबसानंतर इकडे आलेला. दुधी त्याच्या कितीतरी आधीपासून आपला. वाळला की हलका, टणक, पोकळ होतो तो दुधीच्याच जातीचा, मिरजेचे तंबोरे त्याचेच. मग म्हातारी नक्की कशात बसली? नवरा अजून लाल म्हणतोय.

तिने चित्र काढून नावं लिहिली: वेल, देठ, साल, गर, बी. तो देठ, ती साल. एक बी, अनेक बिया. आणि 'भोपळा'तला ळ, जो तिला शाळेच्या हिंदीत भेटत नाही, इंग्रजीत नाही, अरबीतही नाही. ज्या मुलीला शाळेतलं 'पॉलिनेशन' कळलंय, तिला 'परागीभवन' कळायला एक मिनिट लागलं. कन्फ्यूज मुलं होत नाहीत. आपल्याला शब्द आठवत नाहीत, म्हणून आपणच होतो.

त्यातल्या चार बिया ऑक्टोबरमध्ये बाल्कनीत लावल्या. फुलं आली, भोपळा धरेना. बॉटिमवर आजीला दाखवलं. एरवी त्या दोघींचं संभाषण म्हणजे "जेवलीस का?" "हो." एवढंच. त्या दिवशी आजी म्हणाली, "अगं, सातव्या मजल्यावर मधमाशी कुठून येणार? ज्या फुलाखाली बारकासा भोपळा दिसतो ते मादी फूल. सकाळी उमललं की नर फूल तोडून त्यावर टेकव. माझ्या सासूबाई तसंच करायच्या." वीस मिनिटं चाललं होतं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस यायच्या आधी लेक हातात फूल घेऊन बाल्कनीत. पहिली दोन गळून गेली. तिसरं धरलंय, लिंबाएवढं झालंय.