स्वस्त तिकिटाचे तत्त्वज्ञान

“स्वस्तात जायची हौस ना? मग भोगा!” विमान रद्द झाल्यामुळे परमुलखातल्या विमानतळावर रात्र काढून आलेल्या माणसाला आपल्याकडे हे उत्तर मिळते. आणि गंमत अशी की ते विमान कंपनीच्या नोकराकडून मिळत नाही. तो बिचारा नजर चुकवून संगणकाकडे पाहत असतो. ते मिळते घरच्या, शेजारच्या, चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींकडून. फुकट वकिली करणारा एवढा मोठा वर्ग लाभल्यावर कंपनीने भरपाई द्यावी तरी कशाला?

या तत्त्वज्ञानाचा मला मनस्वी तिटकारा आहे. ग्वांगझौ, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचे कँटन, तिथे १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो. त्यातला शरदातला मेळा आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतो. त्याचे तीन टप्पे, प्रत्येक टप्पा पाच दिवसांचा, आणि प्रत्येकातला माल निराळा. इचलकरंजीचा एखादा लहान कारखानदार यंत्रे पाहण्यासाठी तिकडे निघतो. त्याचा एक दिवस बुडाला म्हणजे त्याच्या कामाच्या मेळ्याचा पाचवा हिस्सा बुडाला. तिकिटावर वाचवलेले पैसे तो नमुन्यांवर खर्च करणार असतो. याला हौस म्हणायचे?

कोलकात्याहून ग्वांगझौला थेट जाणारे स्वस्त विमान २०१९ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, २०२० च्या साथीत बंद पडले आणि पुन्हा उडायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. मुंबई-पुण्याचा काटकसरी प्रवासी क्वालालंपूर किंवा बँकॉकवरून जातो. इथेच खरी मेख आहे. कंपनी त्याला एक प्रवास विकत नाही, दोन तुकडे विकते. मधल्या विमानतळावर सामान उतरवून घ्यायचे, त्या देशात रीतसर प्रवेश करायचा, पुन्हा रांगेत उभे राहून सामान द्यायचे. पहिले विमान तीन तास उशिरा आले आणि दुसरे निघून गेले, तर कंपनी म्हणते, “दुसऱ्या तिकिटाच्या वेळी तुम्ही हजर नव्हता.” कित्येकदा दोन्ही विमाने तिचीच असतात! आपणच उशीर करायचा आणि आपणच गैरहजेरी मांडायची, ही न्यायाची तऱ्हा फार सोयीची खरी.

हा उशीरही आकाशातून पडत नाही. स्वस्त कंपनीचे विमान दिवसभरात अनेक फेऱ्या मारते आणि दोन फेऱ्यांमध्ये जमिनीवर जेमतेम अर्धा तास थांबते. सकाळी तासभर चुकला की संध्याकाळपर्यंत तो साऱ्या फेऱ्यांतून वाहत जातो. राखीव विमान ठेवायचे नाही, हा हिशेब कंपनीचा; त्याचा तोटा मात्र प्रवाशाचा.

वादळाची गोष्ट वेगळी. २०१८ चे मांगखूत किंवा २०२५ च्या सप्टेंबरातले रगासा, असली तुफाने दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर येतात तेव्हा हाँगकाँग-शेन्झेनची विमानेच ठप्प होतात, आणि तेव्हा न उडणे हेच शहाणपण. त्याबद्दल कोणी भांडू नये. पण वादळ निवळल्यावर चौथ्या दिवशीही त्याचेच नाव सांगून हात झटकणे हा निव्वळ कांगावा आहे.

आपली एसटी घ्या. घाटात गाडी बंद पडली तर वाहक मागून येणाऱ्या गाडीला हात करतो आणि त्याच तिकिटावर उतारूंना तीत चढवून देतो. धुसफूस होते, उभे राहावे लागते, पण “तुम्ही स्वस्तात आलात” असे तो म्हणत नाही. ग्वांगझौचे विमान रद्द झाले तर हाँगकाँगचे घेऊन पुढे जाता येते. तिथून आगगाडी तासाभरात ग्वांगझौला पोचवते. (भारतीयाला हाँगकाँगसाठी आगाऊ नोंदणी लागते, ती निघण्यापूर्वीच करून ठेवावी. चीनचा व्हिसा तर हवाच.) हा मार्ग कंपनीला ठाऊक नसतो थोडाच! पण तो सुचवला तर खर्च कोणाचा, हा प्रश्न निघेल.

आणि कायदा? १९९९ चा माँट्रियल करार भारताने, चीनने, मलेशियाने मान्य केला आहे. त्याच्या १९ व्या कलमान्वये उशिरामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार आहे. ते टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले, हे तिने सिद्ध केले तरच ती सुटते. २६ वे कलम तर सांगते की ही जबाबदारी झटकणारी अट करारात घातली तरी ती रद्दबातल. यात तिकीट किती रुपयांचे, हे कुठेच विचारलेले नाही. दावा करण्यास दोन वर्षांची मुदत आहे.

म्हणून खिडकीवर आरडाओरडा करण्यापेक्षा उशिराचे कारण लेखी मागावे, जेवणाच्या, खोलीच्या पावत्या जपाव्यात, आणि परताव्याऐवजी पुढच्या प्रवासाची चिठ्ठी पुढे केली तर ती घेण्यास साफ नकार द्यावा. कंपन्यांकडून मात्र एवढेच हवे : ज्या ठळक टायपात त्या भाडे छापतात, त्याच टायपात आणि त्याच पानावर “पुढचे विमान चुकल्यास आमचा संबंध नाही” हेही छापावे. मग पाहू किती तिकिटे खपतात!