आधी काम, मग दाम; पण विटा कोण देणार?

ऊस काट्यावर चढल्याशिवाय त्याचा पैसा होत नाही, हे आपणांस सांगावयास नको. वजनाप्रमाणे बिल आणि दराला आधार साखर-उताऱ्याचा. गावच्या पाणी व स्वच्छतेच्या कामातही सरकारने हीच रीत आणली. आपल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झाले. त्यात आधी गाव झाडायचे, मग बक्षीस. पुढे आलेला निर्मल ग्राम पुरस्कारही गाव हागणदारीमुक्त झाल्यावरच मिळे. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबास संडासासाठी १२,००० रुपये ठरले, तेही बहुधा बांधकाम झाल्यावर.

रीत चांगली आहे, असेच आमचे मत. नुसता कागद मंजूर झाल्याने गाव स्वच्छ होत नाही. परंतु आम्ही उसाचे दाम नंतर देत असलो, तरी बेणे आणि खत आधी उधारीवर देतो. नाहीतर लहान शेतकऱ्याची लागवडच व्हायची नाही. भूमिहीन मजुराला मात्र आपण म्हणतो, आधी बांध, मग घे. तोडणीच्या फडात एकाने आम्हांस विचारले, "साहेब, पैसे मंग भेटतीन, पन आंधी इटा कोन देते?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्याच्या गाठीशी पैसा, त्याचाच संडास उठतो आणि अनुदानही त्यालाच पोचते.

दुसरे असे की, मोजायचे काय? भिंती मोजल्या तर भिंतीच मिळतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. नळ आला नाही त्या दिवशी प्यायलाच पाणी नाही, तर संडासात कोठून ओतणार? तेथे संडासात कुटार भरलेले आम्ही पाहिले आहे. खोडवा पाहिल्याशिवाय बेण्याची खरी परीक्षा होत नाही. तसे वर्षाने पुन्हा जाऊन पाहावे, वापर आणि पाणी दोन्ही टिकले असेल तरच बक्षिसाचा शेवटचा हप्ता द्यावा.

आमची सूचना इतकीच. कारखाना व सेवा सोसायट्यांनी मिळून गरीब मजुरास विटा-सिमेंटसाठी बिनव्याजी उचल द्यावी आणि अनुदान जमा झाल्यावर ती वळती करून घ्यावी. अनुदान कचेरीत अडकले तर त्याच्या मजुरीला हात लावू नये. ती जोखीम संस्थेने सोसावी, कारण ती सोसण्याची ताकद संस्थेजवळ आहे, मजुराजवळ नाही.

येत्या वार्षिक सभेत हा विषय यावा आणि सभासदांनी त्यावर मोकळेपणी बोलावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी