गुंडाळणाऱ्याची बाजू

जगात माणसांच्या दोनच तऱ्हा आहेत. एक उलगडणारे आणि दुसरे गुंडाळणारे. लग्नात सतरंज्या अंथरताना पाहा. "अरे, तिकडून ओढ, इकडं सुरकुती पडली," असं ओरडायला दोन्हीकडची मिळून पंधरा मंडळी हजर असतात. रात्री साडेअकराला त्याच सतरंज्या गुंडाळायला मांडववाल्याचा एक म्हातारा आणि एक पेंगुळलेलं पोरगं एवढेच उरतात. फीत कापायला मंत्री येतात. कापलेली फीत गुंडाळून ठेवायला आजवर एखादा उपमंत्रीसुद्धा आल्याचं ऐकिवात नाही. उलगडणाऱ्याचा फोटो निघतो. गुंडाळणाऱ्याची फक्त पाठ दुखते.

मी आज या गुंडाळणाऱ्यांच्या बाजूनं भांडायला उभा आहे आणि माझं भांडण एका पाइपावरून आहे. हसू नका. पानिपत काय, किंवा वाड्यातल्या सामाईक नळावरची लढाई काय, सुरुवात क्षुल्लकच असते.

माझा भाचा भोरला असतो. त्यानं एक जुना छोटा हत्ती घेतला आहे आणि त्यात पाण्याची टाकी बसवून तो लोकांच्या काचा पुसत फिरतो. भोरात काचा पुसायला गाडी कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. भोरात लागत नाही. भोरातल्या काचा अजून वर्तमानपत्राच्या बोळ्यानं स्वच्छ होतात. पण शेजारी वेल्हे तालुका आहे. (२०२५ मध्ये सरकारनं त्याचं नाव राजगड केलं, आमच्या दाजींच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) पानशेतच्या आणि वरसगावच्या पाण्याकाठी, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला पुण्या-मुंबईच्या लोकांनी बंगले बांधले आहेत. पूर्वी माणूस पावसापासून वाचायला भिंत बांधी. आता पाऊस बघायला भिंतीच्या जागी काच लावतात. मग चार महिने तो मावळी पाऊस काचेवर शेवाळाची नक्षी काढतो, उरलेले आठ महिने कच्च्या रस्त्याची तांबडी धूळ त्या नक्षीत रंग भरते. शनिवारी मालक येतात तेव्हा किल्ला दिसला पाहिजे. तो दिसावा म्हणून भाचा शुक्रवारी जातो.

काम वाटतं तितकं सोपं नाही. बंगल्यावरचं बोअरचं पाणी जड असतं. ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके उरतात; ते त्यातले क्षार. म्हणून घरूनच गाळून, क्षार काढून घेतलेलं पाणी न्यावं लागतं. पाचशे लिटर पाणी म्हणजे सरळ अर्धा टन. पाबे घाटाच्या वळणावर ते टाकीत असं डचमळतं की गाडी आपण चालवतोय का पाणी चालवतंय, असा प्रश्न पडतो. गाडी फाटकापाशी उभी राहते, काच असते उताराच्या टोकाला. मधे शंभर मीटर पाइप.

हा पाइप उलगडणं म्हणजे सोहळा असतो. उतारच असतो, पाइप आपोआप धावतो, मालकांची मुलं टाळ्या वाजवतात. लांब काठीच्या टोकाला ब्रश, त्यातून पाण्याची धार, दुसऱ्या मजल्यावरची काच शिडीशिवाय लखलखीत. वा, वा! मग सगळे चहाला आत जातात आणि बाहेर एक पोरगा उरतो. त्याला तो पाइप चढावर ओढून परत ड्रमावर गुंडाळायचा असतो.

आता हिशेब करू. अर्ध्या इंची शंभर मीटर पाइपात साधारण साडेबारा लिटर पाणी मावतं. तोटी बंद केली तरी ते आतच राहतं. म्हणजे साडेबारा किलो नुसतं पाणी, वर पाइपाचं वजन वेगळं. ड्रमाचा एक फेरा सव्वा मीटरचा धरला तर ऐंशी फेरे झाले. मधे पाइप करवंदीच्या जाळीत अडकतो. तिथवर उतरून सोडवायचा, पुन्हा वर यायचं. दिवसाला पाच बंगले म्हणजे चारशे फेरे. देवळाला इतक्या प्रदक्षिणा घातल्या असत्या तर पोराला मोक्ष मिळाला असता. इथं मिळतो तो खांद्याचा आखडा.

तर भाच्यानं ठरवलं की ड्रमाला मोटर बसवायची. त्यात काही चंद्रावर जाण्यासारखं नाही. भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटर आणायची. ती मुळातच सावकाश पण जोर लावून फिरणारी असते. तिला सायकलची साखळी आणि लहान-मोठी चक्रं जोडून वेग आणखी कमी, जोर आणखी जास्त करायचा. गाडीच्या बॅटरीवर भार नको म्हणून दुसरी बॅटरी, ती गाडी धावताना भरत राहील. मधे जाड वायर आणि फ्यूज. पाइप ड्रमावर नीट बसावा म्हणून तोंडाशी दोन रूळ. आणि सर्वांत महत्त्वाचं बटण : दाबून धरलं तरच ड्रम फिरणार, सोडलं की जागच्या जागी थांबणार, कारण अडकलेल्या पाइपाला कळत नाही आणि ड्रमाला बोट कुठलं नि पाइप कुठला ते समजत नाही. शंभर मीटर पाइप चार मिनिटांत आत. खर्च दाजींच्या नव्या मोबाइलपेक्षा कमी.

दाजी म्हणजे भाच्याचे वडील आणि या धंद्याचे सावकार. त्यांनी ऐकलं आणि एकच वाक्य उच्चारलं, "मोटर कशाला? पोरगं आहे की!"

वाचकहो, या वाक्यानं आपल्या देशाचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं उंदरांनीही केलं नसेल. पंखा लावायला बटण आहे, पण पाणी वर चढवायला गडी आहे की! कपड्याला यंत्र कशाला, बाई आहे की! घराघरांत रेडिओ आला, पंखा आला, दारात स्कूटर आली आणि तरी आतल्या खोलीत पाटा-वरवंटा घरघरतच होता. कारण रेडिओ ऐकणारा आणि विकत घेणारा एकच होता. वरवंटा ओढणारी मात्र खिसा नसलेली होती. यंत्र दुखऱ्या हातासाठी येत नाही, ते पैसे मोजणाऱ्या हातासाठी येतं.

मी म्हटलं, "दाजी, तुमच्या गाडीच्या काचा कशा खाली होतात?"

"बटणानं," दाजी अभिमानानं म्हणाले.

"पूर्वीच्या गाडीला हँडल होतं. किती फेरे लागायचे?"

"असतील चार-पाच."

म्हणजे पाहा. स्वतःच्या काचेचे चार-पाच फेरे वाचवायला दाजींना मोटर हवी. एक नव्हे, चार दारांना चार. आणि दुसऱ्याच्या काचा धुणाऱ्याचे चारशे फेरे म्हणजे व्यायाम! हो, दाजींचा दुसरा मुद्दा तोच होता. "व्यायाम होतो हो. आजकालची पोरं आळशी." व्यायाम इतका चांगला असेल तर बंगल्याच्या मालकांना का देऊ नये? ते बिचारे त्याच काचेमागं पट्ट्यावर जागच्या जागी धावत असतात. पाइप गुंडाळला तर निदान कुठंतरी पोहोचतील.

तिसरा मुद्दा जरा वजनदार होता. "मोटर आली की पोराचं काम जाईल." गरिबाची काळजी आपल्याला बहुधा त्याला एखादी सोय मिळायच्या वेळेसच आठवते. माथेरानमध्ये माणसानं माणसाला हातरिक्षात बसवून ओढण्याचं समर्थन वर्षानुवर्षं असंच झालं : तेवढंच त्यांचं पोट भरतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सहा महिन्यांत थांबवा, असं बजावलं आणि ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा चालवायला द्यायचा रस्ता दाखवला. पोट भरायला माणूस लागतो. बैल लागत नाही. आमच्या पोरालाही काठी धरता येते, काचेचा कोपरा कसा सोडवायचा ते कळतं. ते कसब कुठल्याही मोटरीला नाही. फेऱ्यांत गेलेला वेळ आणि खांदा वाचला तर तो सहावा बंगला करील. त्या सहाव्याचा वाटा त्याला मिळाला पाहिजे, हे मात्र मी दाजींना दोनदा ऐकवलं. कारण मोटर बसवून नफा तेवढा आपण गुंडाळायचा, ही आपली जुनी खोड आहे.

चौथा मुद्दा नेहमीचा : "बिघडली तर?" लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढेल म्हणून कोणी तो घेईना, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. आज त्या शेतकऱ्यांचे पणतू ट्रॅक्टर घेऊन हिंडतात आणि जमीन अजून जिवंत आहे. मोटर बिघडली तर ड्रमाचं हँडल आहेच. ते कोणी चोरून नेलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. काचेवरचं पाणी निपटायची ती रबराची हलकी पट्टी तुम्ही पाहिली असेल. ती १९३६ साली अमेरिकेत ओकलंडमध्ये एत्तोरे स्टेकोने नावाच्या इटालियन माणसानं बनवली. आधीचं अवजार पोलादी, जड. रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू काढा. हा शोध कुठल्या विद्यापीठात लागला नाही. स्टेकोने स्वतः काचा पुसत असे. मनगट त्याचं दुखत होतं, म्हणून डोकं त्याचं चाललं. आमच्याकडं दुखतं एकाचं आणि डोकं चालवायचा अधिकार दुसऱ्याकडं. सगळी गाठ तिथंच बसते.

आपले पूर्वज यंत्राला भ्यालेले नव्हते. विहिरीवर रहाट बसवला तो कोणी अमेरिकेहून येऊन नाही. दोर ओढून हात सोलले, तेव्हा कुणीतरी तो लाकडाच्या चाकावर गुंडाळला. भाच्याचा ड्रम म्हणजे त्या रहाटाचा नातूच. "रहाट कशाला, बाया आहेत की!" असं म्हणणारा एखादा दाजी त्या काळीही विहिरीच्या काठावर बसला असेलच. त्याचं नाव राहिलं नाही, रहाट राहिला.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्याला कुणाला "माणूस आहे की" म्हणायचं असेल, त्यानं आधी ते काम एकदा स्वतः करावं. जास्त नाही, एकच पाइप, शंभर मीटर, भिजलेला, चढावर, ऐंशी फेरे. त्यानंतरही मोटर ही चैन आहे असं वाटलं तर खुशाल म्हणावं, मी वाद घालणार नाही. पण मला खात्री आहे, चाळिसाव्या फेऱ्यालाच तो कपाळ पुसत विचारील, "ती वायपरची मोटर कितीला पडते म्हणालात?"