आधी गाणारे मोजा, मग इनपुट

घरात स्टुडिओ काढायचा तर आधी भारीतला ऑडिओ इंटरफेस घ्यावा, मुंबईच्या स्टुडिओत चालतं तेच सॉफ्टवेअर घ्यावं, बाकीचं मागाहून होतं. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात एखाद्या पोरानं घरातली खोली रेकॉर्डिंगसाठी रिकामी केली, की दुकानदारापासून पुण्यात शिकणाऱ्या चुलतभावापर्यंत जो तो त्याला हाच सल्ला देतो. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हा सल्ला ज्या गाण्यासाठी तयार झाला, ते गाणं वेगळं आहे. एक गायक, एक गिटार, कानात ठोक्याची टकटक आणि उरलेली वाद्यं सवडीनं एकेक करून भरायची, असा तो मामला. आपल्याकडे सप्ताहातलं भजन असतं, भीमजयंतीची गाणी असतात, गोंधळ्यांचं संबळ-तुणतुणं असतं. इथं माणसं एकत्र बसून, एकमेकांच्या तोंडाकडं बघत गातात. यंत्र निवडायचं ते या बैठकीवरून, असं माझं म्हणणं आहे. ते मांडण्याआधी समोरच्यांचे मुद्दे तपासू.

पहिला मुद्दा: महाग इंटरफेसमधून आवाज स्वच्छ येतो. एके काळी यात बरंच तथ्य होतं. आज 24 बिटची कागदावरची मर्यादा 144 डेसिबल आहे, आणि साधी यंत्रंही प्रत्यक्षात 100 च्या आसपास पोचतात. आता खोलीकडे या. दार-खिडक्या लावून पंखा बंद केला तरी शांत खोलीत 30 डेसिबलच्या आसपास आवाज राहतोच, आणि खणखणीत भजन माइकजवळ 100 पर्यंत जातं. म्हणजे वापरायला मिळाले जेमतेम 70. सीडीच्या 16 बिटांतसुद्धा 96 मावतात. मग अडतं कुठं? खोलीत. स्लॅबच्या, फरशी बसवलेल्या खोलीत आवाज भिंतींवरून उलटून माइकात शिरतो. पत्र्याखाली पाऊस सुरू झाला की काम बंद. ज्यांच्याकडे जुनं माळवद अजून उभं आहे, त्यांच्या जाड मातीच्या भिंती रस्त्यावरचा ट्रॅक्टर बऱ्यापैकी बाहेर ठेवतात. आत वाकळा-गोधड्या भिंतीपासून वीतभर सोडून टांगल्या की टाळांची किणकिण आटोक्यात येते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा मात्र गोधडीला दाद देत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या कराव्या लागतात. विजेचंही तसंच. अर्थिंग धड नसेल तर 50 हर्ट्झची घूंघूं लाखाच्या यंत्रातही येते, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं तर पुष्कळदा फुकटात जाते.

यावर कुणी म्हणेल, साध्या साधनांवर झालेलं मोठं काम दाखवा. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकानं 1982 चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, कॅसेटवर चार ट्रॅक भरणाऱ्या ‘टिआक’च्या यंत्रावर आणि दोन साध्या माइकांवर रेकॉर्ड केला. पुढे तीच गाणी साथीदारांना घेऊन स्टुडिओत करून बघितली, ती जमली नाहीत, म्हणून घरची कॅसेटच बाजारात आणली. त्या कॅसेटवरून रेकॉर्ड काढताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले, हेही खरं. साधनांना मर्यादा असतात हे मी नाकारत नाही. पण आजचा सर्वांत स्वस्त इंटरफेससुद्धा त्या कॅसेट यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. आणि अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या त्या गाणाऱ्यांच्याच गावात. माजलगावच्या बायांच्या ओव्या आज ऐकताना कुणी यंत्राचा मेक विचारत नाही.

दुसरा मुद्दा: खोक्यावर 192 किलोहर्ट्झ लिहिलंय, तेच घ्या. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. 48 किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगमध्ये 24 पर्यंतचे स्वर बसतात. चार माइकांचं तासभराचं भजन 24 बिट आणि 48 वर भरलं तर सुमारे 2 जीबी जागा लागते, 192 वर 8 जीबीच्या वर. कानाला फरक नाही, पण जुना लॅपटॉप मात्र धापा टाकतो. याच मुद्द्याचा भाऊ म्हणजे ‘लेटन्सी’ची भीती: आवाज कॉम्प्युटरमधून उशिरा येतो म्हणून सगळ्यांत वेगवान यंत्र हवं. 256 सॅम्पलचा बफर 48 वर ठेवला तर उशीर होतो 5.3 मिलिसेकंद, जाऊन-येऊन धरला तर त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे पखवाजीपासून 3 मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याला थाप जवळपास 9 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, आणि पिढ्यान् पिढ्या भजन तालात चाललंय. शिवाय ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असलेल्या इंटरफेसमध्ये गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनात जातो. आणि समोरासमोर बसून गाणाऱ्यांना हेडफोन तरी कुठं लागतो?

तिसरा मुद्दा सगळ्यांत साळसूद आणि म्हणूनच घातक: दोन इनपुटचा इंटरफेस घ्या, एकेक वाद्य भरत जा. हे भजनाला लागू पडत नाही. बुवा संथ सुरू करतात, चाल बदलतात, लय चढवत नेतात. पखवाजी त्यांच्या मानेच्या हिसक्यावर ठेका फिरवतो. टाळकरी श्वास घेतात तो त्यांच्याकडे बघून. पखवाज सोमवारी आणि टाळ गुरुवारी भरले तर प्रत्येक सूर जागेवर येईल, पण भजन येणार नाही. गोंधळातल्या झीलकऱ्यांचं आणि भीमगीतातल्या कोरसचंही तेच. म्हणून कमीत कमी चार माइक एकदम घेता आले पाहिजेत: बुवा, पखवाज, पेटी आणि टाळकऱ्यांचा घोळका.

इथं खोक्यावरच्या आकड्याला फसू नये. नावात 4 असलं म्हणजे चार माइक लागतात असं नाही. स्कारलेट 4आय4 मध्ये माइकसाठी दोनच प्रीअॅम्प आहेत, उरलेले दोन इनपुट लाइनचे. बेहरिंगरच्या यूएमसी404एचडीमध्ये मात्र चारही माइकचे. पहिलं यंत्र वाईट नाही, एकट्या गायकाला ते उत्तमच. पण बैठकीला तोकडं पडतं. दुकानात विचारायचा प्रश्न एवढाच: 48 व्होल्ट देणारे माइक प्रीअॅम्प किती, आणि विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरानं आत-बाहेर नेणारा, आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढं चालू लागावं.

चौथा मुद्दा सॉफ्टवेअरचा: मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असतं, म्हणून आपल्याकडेही तेच. मिक्सिंगला पुढं पाठवायचं तर स्टुडिओला तुमची प्रोजेक्ट फाइल लागतेच असं नाही. सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइलींत काढून दिले की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. ते काम रीपर करतं, आर्डर करतं, मॅक असेल तर फुकटचं गॅरेजबँड करतं. रीपर आकारानं लहान, जुन्या लॅपटॉपवर चालणारं. 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना 60 डॉलरचा आहे. ऑडॅसिटी 2000 सालापासून फुकट आहे आणि एका-दोन माइकांच्या कामाला पुरते, पण विंडोजवर चार माइक एकदम घेताना अडते. तयार लूप आणि ठोक्याच्या चौकटींसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. लय चढत जाणारं भजन त्या चौकटीत बसतच नाही. राहिली क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट. आपलं गाणं दुसऱ्यानं उचलून चॅनलवर टाकलं म्हणून तक्रार करणाऱ्यानं तेच गाणं चोरीच्या सॉफ्टवेअरवर भरलं असेल, तर त्या तक्रारीत जोर राहत नाही.

उलट टोकाचे लोक म्हणतात, एवढं कशाला, मोबाईल आहे ना! आठवण म्हणून, पुराव्यासाठी मोबाईल जरूर वापरावा. पण मोबाईल आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो: पखवाजाची जोरदार थाप पडली की बुवांचा आवाज दबतो. आणि सगळं एकत्रच भरल्यामुळे नंतर टाळ कमी आणि शब्द जास्त करायची सोय उरत नाही.

आता माझी बाजू. औंढा नागनाथ हट्ट्याच्याच जिल्ह्यातलं. नामदेवांना कीर्तनाला मागं जायला लावलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं, अशी तिथली आख्यायिका. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, तो तिचाच दाखला म्हणून दाखवतात. फिरायचं ते देवळानं, गाणाऱ्यानं नाही. होम स्टुडिओची सगळी निवड याच न्यायानं व्हावी. गाणारे आधी कसे बसतात ते बघा आणि खोली त्यांच्या सोयीनं लावा. नंतर माइक घ्या आणि ते जवळ ठेवा. अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलनं वाढतो, खोलीची गडबड मात्र तेवढीच राहते. मग त्या माइकांना पुरेल एवढा इंटरफेस, आणि शेवटी परवाना परवडेल असं सॉफ्टवेअर. पैशाचा क्रमही हाच ठेवावा.

कसोटी साधी आहे. बुवा, पखवाजी आणि टाळकरी त्या खोलीत बसून एक अभंग मधे न थांबता पुरा गाऊ शकले, आणि त्या वेव्ह फाइली दहा वर्षांनी दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडल्या, तर हट्ट्यातला तो स्टुडिओ पुरा झाला. त्यापलीकडचा खर्च हौसेचा. तो ऐपत असेल तर खुशाल करावा. फक्त त्याला गरज म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.