भिसे खिंडीत गाडी थांबली तर?

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात माझा अजून घोळ होतो, म्हणून या लेखात आकडे आकड्यांतच लिहिले आहेत. विषय मात्र अस्सल घरगुती आहे. गाडी कुठली घ्यायची?

आम्ही पेणचे. काकांचा गणपतीचा कारखाना आहे, बाबा रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला. श्रावणात काकांचा रोह्यात मूर्तींचा स्टॉल लागतो. तर बेत असा, की जुनी गाडी काढून कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची. रोज बाबांनी ती कामावर न्यायची आणि हंगामात तिच्यामागे छोटा दोनचाकी ट्रेलर लावून मंडपाचे पाइप, फळ्या, पाट रोह्याला पोचवायचे. (मूर्ती ट्रेलरवर नाहीत हं! बाप्पा मागच्या सीटवर, गोधडीवर.) पैसे बाबांच्या पीएफमधले. आणि घरात मेकॅनिकलवाला कोण? तर अस्मादिक.

जेवताना मी ऐटीत निकाल दिला, "टर्बो पेट्रोल, 120 पीएस, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक." काकांनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "भिसे खिंडीत चढावर मध्येच ट्रॅफिक थांबला. मागे चारशे किलो. परत उचलेल?"

मला उत्तर येत नव्हतं. ब्रोशर पाठ होतं, पण उत्तर नव्हतं. नागोठण्याहून रोह्याला जाताना ही खिंड लागते, लहानपणापासून शेकडो वेळा गेलोय. परीक्षेत असली गणितं सोडवून मार्कही घेतलेत. पण परीक्षेतल्या 'वाहना'ला कधी काका नव्हते!

रात्री रूमवर आल्यावर गणित मांडलं. गाडी, माणसं, ट्रेलर मिळून 2000 किलो. चढ 12 ला 1 धरला. वर ओढायला साधारण 1640 न्यूटन, चाकांच्या घर्षणाचे आणखी 300. ताशी 35 च्या वेगाने चढायचं तर लागतात जेमतेम 25 हॉर्सपॉवर. पंचवीस! आणि आपण हॉस्टेलच्या कट्ट्यावर 115 की 120 यावर भांडतो.

म्हणजे प्रश्न पॉवरचा नाहीच, टॉर्कचा आहे, आणि तोही किती आरपीएमला मिळतो याचा. गिअर रेशो ढोबळ धरले तर याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन 1500 आरपीएमला फिरतं आणि त्याच्याकडून 130 न्यूटन मीटरच्या आसपास मागणी येते. क्रेटाचं साधं 1.5 पेट्रोल घ्या. त्याचे 144 न्यूटन मीटर 4500 आरपीएमला मिळतात, 1500 ला नाहीत. दुसरा गिअर टाकला की तेही चढतं, पण कुरकुरत. त्याच गाडीचं 1.5 डिझेल 1500 लाच 250 न्यूटन मीटर देतं. नेक्सॉनचं डिझेल 260, एक्सयूव्ही 3एक्सओचं 300. माझं लाडकं टर्बो पेट्रोलही 170 देतं, म्हणजे मी अगदीच ढ नव्हतो. माझी चूक गिअरबॉक्समध्ये होती. ड्राय क्लचचा ड्युअल क्लच चढावर, वजन घेऊन, इंच इंच सरकवला की क्लच तापतो. आणि इंच इंच सरकणं म्हणजे काय, हे वडखळ नाक्यावर गणपतीच्या आदल्या दिवशी उभं राहिलेल्याला मी काय सांगावं? मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर आमची एक पिढी त्या धुळीत लहानाची मोठी झाली.

सीएनजीचा विचार बाबांनीच सोडला. सिलिंडरने डिकी खाल्ली तर सामान कुठे? हायब्रिडवर मात्र माझा जीव जडला होता. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तापायला क्लचच नाही. मोटरचे 141 न्यूटन मीटर उभ्या गाडीलाही मिळतात. रोजच्या ट्रॅफिकला याहून शहाणी गाडी नाही. पण बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान. लांब चढावर ती संपली की सगळं ओझं 92 पीएसच्या इंजिनावर येतं. आमच्या खिंडी आखूड आहेत, तिथे चालेल. उद्या काकांनी ट्रेलर घेऊन बोरघाट चढायचं काढलं तर?

म्हणून माझं मत डिझेल आणि मॅन्युअल गिअर. पण हे मत ट्रेलरमुळे झालेलं नाही. ट्रेलर वर्षातून आठ-दहा फेऱ्या करणार. मत झालंय ते बाबांच्या रोजच्या जाण्यायेण्यामुळे. पेण-रोहा जाऊन येऊन 80 किलोमीटर, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या वर. 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, वेगात पळावी लागते. बाबांची पळेल. आमचे शेजारी फक्त बाजार आणि पेण स्टेशन करतात, त्यांनी डिझेल घेतलं तर फिल्टर तुंबून गॅरेजच्या वाऱ्या करतील. त्यांनी साधं पेट्रोलच घ्यावं.

आता खरी गोम. एका शोरूममध्ये आम्ही ट्रेलरचं विचारलं. "नो प्रॉब्लेम सर, आरामात ओढेल!" मी मॅन्युअल मागितलं. त्यात स्पष्ट छापलेलं, या गाडीने ट्रेलर ओढण्याची आम्ही शिफारस करत नाही. सेल्समन म्हणाला, "ते कोण वाचतं?" युरोपात कुठली गाडी किती किलो ओढेल, ब्रेकवाला ट्रेलर किती आणि बिनब्रेकचा किती, हे कागदोपत्री ठरलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये नुसतं 'नको'. शिवाय ट्रेलरचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन लागतं, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर त्याच्या मागे लावावा लागतो. इंजिनात दम आहे म्हणून हुक वेल्ड करून घ्यायचा, हा आपला राष्ट्रीय उपाय मला मान्य नाही. चढाची काळजी इंजिन घेईल, पण उतारावर बिनब्रेकचे चारशे किलो मागून ढकलतात तेव्हा आवरायचं कोणी? तिथे बाबा असणार, ब्रोशर नाही.

बाबांनी आता कंपनीला पत्र लिहिलंय, ओढायचं वजन किती ते लेखी कळवा म्हणून. मजकूर माझा, सही त्यांची. उत्तर 'नाही' आलं तर गाडी डिझेलच घ्यायची आणि ट्रेलर रद्द, श्रावणात छोटा टेम्पो भाड्याने. काकांना हे फारसं पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, "मग तुझ्या त्या पंचवीस हॉर्सपॉवरचं काय झालं?"