प्रश्नचिन्हांची मराठी

संगणकावरील जुनी ग्रंथसूची नव्या डेटाबेसमध्यें हलविली कीं मराठी पुस्तकांच्या नांवांऐवजीं प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसूं लागतात, हा प्रकार ग्रंथालयांच्या चालकांस आतां नवा राहिलेला नाहीं. नवा आहे तो त्यावरील इलाज. ‘मराठी ह्या यंत्रणेस मानवत नाहीं, नांवें रोमन लिपींत भरा’, असा सल्ला तज्ज्ञ म्हणविणारे देतात आणि सुशिक्षित विश्वस्त माना डोलावितात! ‘काळ’ आणि ‘काल’ ह्यांतील भेद ज्या लेखनांत उरत नाहीं, त्यांत म्हणे मराठी ग्रंथांची सूची करावयाची!

आमचें म्हणणें असें कीं, ह्यांत लिपीचा तिळमात्र दोष नाहीं. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. यूटीएफ-८ पद्धतींत तिच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात; ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. हेच अंक लॅटिन-१ चे समजून वाचले, तर एका ‘म’च्या जागीं तीन निरर्थक चिन्हें उमटतात. मायएसक्यूएल ह्या बहुप्रचलित डेटाबेसमध्यें, २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपूर्वीं, वेगळें न सांगितल्यास लॅटिन-१ हीच वर्णमाला गृहीत धरली जाई. तें वेगळें सांगणें हें हलविणाऱ्याचें काम होतें.

विचित्र चिन्हांचा गोंधळ दिसतो, तेथें मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. ते योग्य पद्धतीनें वाचले कीं मराठी परत येते. प्रश्नचिन्हें केवळ पडद्यावर असतील, तरीही धीर धरावा. परंतु तीं डेटाबेसमध्येंच साठविलीं गेलीं असतील, तर अक्षर पुसलें गेलें. काना-वेलांटी निराळी मोजली जात असल्यानें ‘मराठी’चीं पांच प्रश्नचिन्हें होतात, ‘माळीण’चींही पांचच, मूळ शब्द कोणता, हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. मग जुनी प्रत हाच एक आधार, आणि आमचे उत्साही सुधारक जागा अडते म्हणून तीच आधीं काढून टाकतात!

नोंदींची संख्या जुळली, एवढ्यावर काम पुरें झाल्याची पावती देणाऱ्यांस आम्ही विचारतों: वीस मराठी नांवें मोठ्यानें वाचून पाहण्यास किती वेळ लागला असता? इंग्रजी नांवें अशीं नाहींशीं झालीं असतीं, तर हेच विश्वस्त तासाभरांत कंत्राटदारास बोलावते. निदान पुढील करारांत तरी दोन कलमें असावीं: मराठी नोंदी ग्रंथपालानें वाचून पाहिल्याखेरीज देयक चुकतें होऊं नये, आणि तोंपर्यंत जुन्या प्रतीस कोणीं हात लावूं नये.